संत्री चालतील

हाडात रोवलेला दात एवढ्याशा तारेनं सरकतो, हे लोकांना पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. "मंजे दात उपटून पुन्हा बसवता का तुम्ही?" हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल, मोजदाद नाही. नाही हो बाप्पा, उपटत नाही. हाड जिवंत असतं. दाताला एका बाजूनं हलका पण सतत रेटा दिला, की पुढचं हाड विरघळत जातं आणि मागं नवं हाड भरून येतं. महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. जास्त जोर लावला तर दात लवकर सरकत तर नाहीच, उलट त्याचं मूळ झिजतं. असा हा सगळा धीराचा धंदा, आणि आमच्याकडे येणाऱ्या माणसांकडे नेमकी तीच चीज कमी.

मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी डेंटल मेकॅनिक. गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानाच्या वरच्या मजल्यावर डॉ. हरकरे यांचा दवाखाना होता. सत्तरच्या दशकात वेडेवाकडे दात सरळ करणारा माणूस नागपुरात शोधावा लागे. डॉक्टर रोग्याच्या तोंडात काम करायचे, मी तोंडाबाहेर. साचे ओतायचे, प्लेटी बनवायच्या, तारा वाकवायच्या. माझं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. मी सगळ्यांचा 'तारवाले काका'.

हल्ली ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायची बारीक खोबण, सरळ दातावर चिकटवतात. तेव्हा तसं नव्हतं. प्रत्येक दाताच्या मापाची स्टीलची पट्टी कापायची, बोटात अंगठी बसावी तशी ती दाताभोवती घट्ट बसवायची, तिच्यावर ब्रॅकेट वेल्ड करायचं, आणि मग आतून सिमेंट भरून ती पट्टी पक्की करायची. हे सिमेंट गार काचेवर घोटावं लागतं, नाहीतर तोंडात जायच्या आधीच दगड होतं. मे महिन्यातल्या नागपुरात गार काच कुठून आणणार? मी काच माठावर झाकण म्हणून ठेवायचो. एकदा एका रोग्यानं पाणी प्यायला म्हणून ती उचलली, पुसली, आणि खिडकीत उन्हात वाळत ठेवली. त्या दिवशी डॉक्टरांनी मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ज्यांचं काम थोडं असे त्यांना काढता-घालता येणारी प्लेट मिळे. ती रोज घालायची, फक्त जेवताना काढायची. घालतो कोण! खालच्याच बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा सहा महिने येत होता आणि दात जागचा हलत नव्हता. आई शपथेवर सांगायची, "एक मिनिट काढत नाही हो तो." मी त्याला म्हटलं, "बेटा, प्लेट घाल आणि म्हण, सोमवारी साडेसात." पोरगा म्हणाला, "शोमवारी शाडेशात." संपलं. प्लेट रोज घालणाऱ्याची जीभ आठवड्याभरात वळते, तो साफ बोलतो. याची प्लेट कंपासपेटीत मुक्कामाला होती. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की मलाच त्याची दया आली.

कळमेश्वरच्या कारखान्यातला एक जवान असाच आठवतो. "काका, दहा दिवसांनी मुलगी पाहायले जायचं आहे, तेवढ्यात होईल का?" मी म्हटलं, "तोंड मिटून जा, लग्न करा, मग या." तो खरंच लग्न करून आला, आणि बायकोला घेऊन आला. त्या बाईनं त्याची प्लेट दीड वर्ष अशी सांभाळली की आमच्या दवाखान्यात इतका शिस्तीचा रोगी दुसरा झाला नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत, आणि घरी पाहुणे आले की मी तेच सांगतो. एक मात्र सांगत नाही. आता हातात काम उरलेलं नाही, आणि न सांगण्याचं कारणही उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

तारा बसवलेल्या रोग्याला घरी पाठवताना आम्ही एक कागद द्यायचो. काय खावं, काय खाऊ नये, दात कसे घासावे. डॉक्टरांकडे एक इंग्रजी यादी होती, परदेशातली. तिच्यात सफरचंद, टॉफी, बर्फ असलं काहीबाही. डॉक्टर मला म्हणाले, "आपल्या लोकांना कळेल असं मराठीत करा." मी मोठ्या हौसेनं केलं. सफरचंद खोडून ऊस घातला. फुटाणे, भुईमूग, हुरडा, बोरं, सुपारी, मक्याचं कणीस बंद. इंग्रजी यादीत 'मऊ फळं चालतील' असं होतं. मी लिहिलं, 'केळी, पपई, संत्री, मोसंबी चालतील.' नागपूरच्या माणसाला संत्रं नको म्हणायचं म्हणजे काय! मला त्या ओळीचं कौतुकच वाटलं. डॉक्टर घाईत होते, त्यांनी वरच्या चार ओळी वाचून खाली सही केली. सायक्लोस्टाइल करून मी गठ्ठा टेबलावर ठेवला.

उत्तमराव गजभिये नरखेड तालुक्यातल्या एका गावचे. विहिरीवरचे पंप दुरुस्त करायचे. दसऱ्याच्या सुमारास ते विशाखाला घेऊन आले. ही त्यांची एकुलती एक मुलगी, तेरा वर्षांची. वरचे दात इतके पुढे की ओठ मिटत नव्हते. शाळेत पोरं तिला 'फावडी' म्हणायची. मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं होतं, पोरगी भाषण फार छान करते, पण तोंडावर हात धरून करते, स्पर्धेला पाठवू कशी? बस, एवढ्यासाठी तो माणूस एसटीनं नागपूरला आला होता.

मी पट्ट्या कापत होतो तेव्हा उत्तमराव माझ्या पकडीकडे टक लावून पाहत होते. म्हणाले, "मंजे तुमचंही आमच्यासारखं फिटरचंच काम आहे गा, भाऊ. फक्त माल बारीक." मला हे फार आवडलं. इतक्या वर्षांत माझं काम एका वाक्यात कोणाला सांगता आलं नव्हतं.

विशाखा शहाणी पोर. पट्ट्या बसवायच्या आधी दातांच्या मधे पितळी तार घालून जागा करावी लागते. मोठी माणसं कळवळतात, हिनं डोळे मिटून घेतले आणि खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला. निघताना मी तिला कागद दिला, मीच लिहिलाय म्हणून मिरवतही. तिनं तिथंच उभं राहून बापाला वाचून दाखवला. 'संत्री चालतील' आल्यावर उत्तमराव हसले. "हे बेस झालं. बागवाले मले पैशासंगं टोपलंभर संत्रे देतेच. घरात दुसरं काही नसलं तरी संत्रे हायेत."

संक्रांतीपर्यंत दात चांगलेच आत आले. त्या खेपेला ती तारा आवळून झाल्यावर उभी राहिली आणि डॉक्टरांच्या समोर शाळेतलं भाषण म्हणून दाखवलं. दोन्ही हात खाली. डॉक्टर हरकरे सहसा हसत नसत, पण त्या दिवशी ते मला म्हणाले, "काम जमतंय आपलं." मीही खुशीत होतो.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विहिरीत उतरताना उत्तमरावांचा पाय मोडला होता. ते खाटेवर, आई बागेत तोडणीच्या कामावर, पोरीला नागपूरला आणणार कोण? हे सगळं आम्हाला मे महिन्यात कळलं, उत्तमराव काठी टेकत जिना चढून आले तेव्हा. त्यांना बाहेर बसवून विशाखाला आत घेतलं.

डॉक्टरांनी आरसा लावला. पुढच्या चार दातांच्या पट्ट्या सैल झाल्या होत्या, आतलं सिमेंट धुपून गेलं होतं. त्यांनी एकेक पट्टी काढली. खाली दाताचा रंग खडूसारखा पांढरा, कडेला तपकिरी. डॉक्टरांनी टोकदार सळई लावली तर ती आत रुतली. दात सरळ रेषेत आले होते, आणि चारही किडले होते.

"ब्रशला हात लावला नाहीस ना?" डॉक्टर म्हणाले.

"घासत होती जी. दिवसातून तीनदा."

"खोटं बोलू नकोस. काय खात होतीस?"

"कागदात होतं थेच जी. दात दुखे, भाकर चावत नसे. संत्रे खाल्ले."

"किती?"

"दहा-बारा. बाबाले पाहाले येणारे सगळे संत्रेच आणत."

"दिवसाला दहा-बारा? तीन महिने? कुणी सांगितलं तुला असं?"

मी वेल्डिंगच्या मशीनपाशी उभा होतो, चार हातांवर. विशाखानं माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मी मान खाली घातली आणि मशीनचा स्क्रू फिरवू लागलो. त्या स्क्रूला काहीही झालेलं नव्हतं.

"कोणी नाही जी," ती म्हणाली. "मलेच आवडते."

डॉक्टरांनी उत्तमरावांना आत बोलावलं. मुलगी निष्काळजी आहे, सगळ्या मेहनतीचं वाटोळं केलं, असं सुनावलं. उत्तमरावांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले. "माफ करा साहेब. पोरीचं चुकलं." मी ते ऐकलं. तरीही मी बोललो नाही. ती दोघं जिना उतरली तेव्हा विशाखाचा हात पुन्हा तोंडावर गेलेला होता.

ती गेल्यावर मी काय केलं ते सांगतो, कारण तीच जास्त लाजेची गोष्ट आहे. डॉक्टरांना विचारलं, "संत्र्यानं एवढं होतं, साहेब?" ते म्हणाले, आंबट रसानं दाताचं कवच मऊ पडतं. एखाददुसरं संत्रं खाऊन खळखळून चूळ भरली तर काही बिघडत नाही. पण दिवसभर फोडी चोखत राहिलं, सैल पट्टीखाली रस साचला, आणि मऊ पडलेल्या कवचावर लगेच ब्रश फिरवला, तर कवच खरवडून निघतं. म्हणजे पोरगी खरंच बोलत होती. तिनं तीनदा घासलं होतं. कागदातलं एकूण एक पाळलं होतं, आणि तिचे दात त्या पाळण्यानंच गेले होते. मी संध्याकाळी उरलेला गठ्ठा फाडून टाकला आणि नवा स्टेन्सिल कापला. संत्री, मोसंबी काढली. दर महिन्याला दाखवायला या, पट्टी हलली तर त्याच आठवड्यात या, आंबट खाल्ल्यावर आधी चूळ भरा, अर्ध्या तासानं घासा, हे सगळं घातलं. कागद सुधारला आणि गप्प राहिलो.

पंधरा दिवस तसाच काढला. जेवण गोड लागेना. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मले सांगून काय होते? ज्याचं गेलं त्याले सांगा." रविवारी सकाळची एसटी धरली.

उत्तमराव घराच्या ओट्यावर एक मोटर उघडून बसले होते. आत भिंतीला आमचा कागद चिकटवलेला, तेलानं आणि धुरानं पिवळा पडलेला. मी उभ्यानंच सांगून टाकलं. यादी मी लिहिली, चूक माझी, पोरीची नाही, आणि त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. उत्तमरावांचे हात थांबले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

मग म्हणाले, "मले काहून सांगून राहिले, भाऊ? घरी आल्यावर म्या तिले मारलं. आजवर कधी बोट लावलं नव्हतं. मार तिनं खाल्ला, तिलेच सांगा."

त्यांनी हाक मारली. विशाखा ओल्या हातांनी बाहेर आली. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. तेरा वर्षांच्या पोरीसमोर पन्नाशीला आलेला माणूस काय बोलतो आणि कसा बोलतो, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. तिनं ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाली, तोंडावर हात धरून. मग बापानं तिला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताचं काळं ग्रीस तिच्या केसांना लागलं. मी तिथून निघालो.

सोमवारी डॉक्टरांच्या टेबलावर जुना कागद ठेवला. एक प्रत मी फाडली नव्हती. त्यांनी पूर्ण वाचला, पहिल्यांदाच.

"त्या दिवशी का बोलला नाहीत?"

"घाबरलो, साहेब."

"नोकरी जाईल म्हणून?"

"नाही. तुमच्या नजरेतून उतरेन म्हणून."

"आता उतरलात," ते म्हणाले. मग चष्मा काढून डोळे चोळले. "पण सही माझी आहे. न वाचता केलेली."

आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण त्यांनी उत्तमरावांना स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, आणि ती दोघं आली तेव्हा खुर्चीतून उठून उभे राहिले. "चूक आमची होती. मुलीनं एक शब्दही खोटा सांगितला नव्हता." असं म्हणायला डॉक्टर माणसाला किती जड जातं, हे त्या धंद्यात राहिलेल्यालाच कळेल. उत्तमराव नुसते "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहिले.

कीड काढून दात भरले. सरळ झालेले दात पुन्हा मागे फिरू नयेत म्हणून प्लेट दिली. पुढचे चार दात मात्र तसेच डागाळलेले राहिले. त्यांवर टोप्या चढवायच्या तर वय अठराच्या पुढं लागतं, त्याआधी दाताची नस मोठी असते. म्हणजे पाच वर्षं. नेमकी ज्या वयात पोरगी आरशात पाहते ती पाच वर्षं. भाषणाच्या स्पर्धेला ती गेली नाही. मास्तरांनी तिच्याऐवजी दुसऱ्या मुलीला पाठवलं. मी दर सहा महिन्यांनी तिची प्लेट तपासायचो. तिला 'सोमवारी साडेसात' म्हणायला कधी सांगावं लागलं नाही. प्लेट तिच्या तोंडातच असायची.

एकोणिसाव्या वर्षी ती आली तेव्हा नागपुरातच शिक्षिकेचा कोर्स करत होती. एकटीच आली, उत्तमराव तेव्हा कुठल्याशा बागेत पंपावर होते. त्या चार टोप्या मी जन्मात केल्या नसतील इतक्या मन लावून केल्या. तिला खिडकीपाशी बसवलं, दिवसाच्या उजेडात रंग जुळवला, दोनदा जमला नाही म्हणून दोनदा मोडल्या. डॉक्टरांनी त्या बसवल्या आणि ते हात धुवायला गेले. विशाखा आरसा धरून बसली होती. हात खाली होते.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "विशाखा, त्या दिवशी माझं नाव काहून नाही घेतलं वं? कागद तर तुह्याजवळ होता."

तिनं आरसा मांडीवर ठेवला. "काका, आमी पह्यल्यांदा आलो तवा बाबा दारातच खाली बसले होते. तुम्ही येऊन म्हणाले, उत्तमराव, खाली काहून बसले, इकडं खुर्चीवर या. गावात बाबाले राव कोणी म्हणत नव्हतं. बाबानं घरी जाऊन आईले थे चारदा सांगतलं. मंग मी तुमचं नाव कसं सांगू?"

मला ते मुळीच आठवत नव्हतं. मी सगळ्यांनाच तसं म्हणायचो. मला त्या खोलीतलं वेगळंच आठवत होतं. त्याच माणसानं लेकीच्या देखत काठी भिंतीला टेकवून हात जोडले होते, तिनं माझं नाव गिळलं होतं, आणि मी मान खाली घालून एक धड स्क्रू फिरवत उभा होतो.